चार-चार महिन्यांचं घर

आमच्या घरात दमा कुणालाच नव्हता, ना सासरी ना माहेरी. त्यामुळे ती पोर पहिल्यांदा भिंतीला हात टेकून, खांदे वर ओढून श्वास घ्यायला लागली तेव्हा मला वाटलं, घशात बोराची बी अडकली. मी पाठीत दोन थापा मारल्या. बी काही निघाली नाही. छातीला कान लावला तर आत बारीक शीळ वाजत होती, दाराच्या फटीतून वारा यावा तशी.

ती माझ्या सर्वांत धाकट्या दिरांची मुलगी. मानमोडीचा ताप आला त्या साली तिची आई गेली आणि चौथ्या दिवशी बाप गेला. पोर तेव्हा सहा वर्षांची. त्या साली गावोगाव अशी मुलं उरली होती आणि त्यांच्यावरून घराघरांत भांडणं लागली होती. एकानं पोर ठेवून घेतली की बाकीचे म्हणत, ह्याचा शेतावर डोळा आहे. कुणीच ठेवली नाही की गाव म्हणे, रक्ताची असून टाकली. आपल्याकडे असं काही होऊ नये म्हणून उरलेल्या तिघा भावांनी मठात जाऊन तिथल्या जंगम अय्यांच्या समोर ठरवून टाकलं. आम्ही लिंगायत. अय्यांच्या समोर विभूती लावून बोललेलं सहजासहजी मागं घेता येत नाही. ठरलं ते असं: चैत्र ते आषाढ पोर थोरल्या भावाकडे दिंद्रुडला, श्रावण ते कार्तिक तिसऱ्याकडे लिंबागणेशला आणि मार्गशीर्ष ते फाल्गुन मधल्याकडे, म्हणजे आमच्याकडे, गेवराईला. प्रत्येकी चार महिने. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

लोकांनी फार कौतुक केलं. मठात येणाऱ्या-जाणाऱ्याला अय्या आमचं उदाहरण सांगत. मलाही ही व्यवस्था पसंत होती, ते मी लपवत नाही. माझे दोन मुलगे जाणते झाले होते, दुकान होतं, येणारे-जाणारे होते. चार महिने एक पोर सांभाळणं मला जड नव्हतं आणि बारा महिने सांभाळा असं कुणी म्हटलं असतं तर तेव्हा मीच कपाळाला आठ्या घातल्या असत्या.

आमचं दुकान किराण्याचं. पुढं दुकान, मागं घर. मार्गशीर्षात ती पहिल्यांदा गाडीतून उतरली, काखेत गाठोडं घेऊन पायरी चढली, माझ्या पाया पडली आणि मी काही सांगायच्या आत केरसुणी शोधायला लागली. ती रांजणामागं वाकून बघत होती. मी म्हणाले, आमच्याकडं केरसुणी दाराआड असते. तिनं मान हलवली. दिंद्रुडला ती रांजणामागं असायची, हे मला नंतर कळलं.

तिन्ही घरांच्या रीती तिला पाठ करायच्या होत्या. दिंद्रुडला शिळी भाकर गाईला घालत. आमच्याकडे तीच सकाळी कुस्करून, कांदा-तेल घालून खायची पद्धत. एकदा तिनं आमची शिळी भाकर दारातल्या गाईला घातली. मी म्हणाले, "आता सकाळी काय खाशील?" रागावले नव्हते, विचारलं फक्त. पण ती पांढरी पडली आणि पुढचे तीन दिवस प्रत्येक गोष्ट हातात घेण्याआधी माझ्या तोंडाकडे बघायची. पाणी ओतू का, चुलीत काटकी सारू का, बसू का. मला कामाच्या गर्दीत त्याचा वैताग यायचा. मी म्हणायचे, डोळे आहेत ना, बघ आणि कर.

दुसरी एक खोड होती. सकाळी जागी झाली तरी डोळे मिटून पडून राहायची. मी त्याला आळस म्हणाले. ती उठून बसली आणि म्हणाली, "आळस न्हाई काकू. मी आधी ऐकती."

"काय ऐकतीस?"

"तागडीची साखळी वाजली की गेवराई. बैलाच्या घागऱ्या वाजल्या की दिंद्रुड. देवळातली घंटा वाजली की लिंबागणेश. मग डोळे उघडती."

मी म्हणाले, ऐकून झालं असेल तर ऊठ, दूध तापवायचं आहे. त्या दिवशी मला त्यात एवढंच दिसलं की पोर हुशार आहे.

दम लागायला सुरुवात झाली ती फाल्गुनात. आधी कोरडा खोकला, मग शीळ, मग ते भिंतीला हात टेकणं. बसली की दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून धरायची आणि मान पुढं काढायची. गळ्यातला शिवदारा, ज्याला तिचं इष्टलिंग बांधलेलं होतं, तो छातीबरोबर वर-खाली व्हायचा. बोलायला लागली तर दोन शब्दांमागं एक श्वास. पण बहुतेक वेळा ती बोलतच नसे. कण्हणं नाही, रडणं नाही. आपल्यामुळे घराचं काम अडलं ह्याचीच तिला जास्त धास्ती.

मी कारण शोधायला बसले. मला कारण सापडल्याशिवाय चैन पडत नाही. फाल्गुनात आमच्या दुकानी नव्या मिरचीची पोती येतात. म्हटलं, हीच ती. मिरची कांडायची उखळ मी परसाच्या टोकाला नेली आणि पोती मागच्या खोलीतून पुढं हलवली. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कुरकुर केली की गिऱ्हाईक शिंकतं. मी म्हणाले, शिंकू द्या. शेंगदाणे बंद केले, चिंच बंद केली, बोरं बंद केली. अडुळशाचा काढा मधातून दिला. पोरीनं सगळं निमूट घेतलं. शीळ वाजतच राहिली. फाल्गुन संपला, दिंद्रुडकडे जाणारी गाडी मिळाली आणि ती तशीच, बसल्या जागी पुढं वाकून, गाडीतून गेली. मी मनात म्हणाले, शिमग्याचा धूर लागला असेल, हवा बदलली की बरी होईल.

पुढच्या मार्गशीर्षात ती आली तेव्हा खोकतच उतरली. मला लिंबागणेशच्या धाकट्या जावेचा राग आला. आजारी पोर पाठवून देते आणि निरोपही नाही. पण आठ-पंधरा दिवसांत खोकला आपोआप बसला. पौष चांगला गेला, माघ चांगला गेला. त्या वर्षी मी मिरचीची पोती घराच्या बाजूला येऊच दिली नव्हती. तरी फाल्गुनाच्या पहिल्या आठवड्यात शीळ वाजली.

तेव्हा मी तिला हकिमांकडे नेलं. कचेरीच्या मागच्या गल्लीत त्यांची बसायची जागा होती. म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी नाडी बघितली, जोशांदा, म्हणजे काढ्याची पुडी, बांधायला घेतला आणि विचारलं, "बच्ची रहती कहाँ है?" मी तिन्ही गावं सांगितली. पुडी बांधता बांधता ते थांबले.

"तीन जगह का पानी पीती है, तो सीना क्या करे? एक जगह रखो, अम्मा."

मी घरी आले आणि पाणी उकळून द्यायला लागले. हकिमांचं निम्मं ऐकलं आणि निम्मं सोडलं, कारण उरलेलं निम्मं माझ्या हातात नव्हतं असं मला वाटलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. गेवराईहून दिंद्रुडला गाडीनं दोन दिवस लागतात. स्वतःची गाडी जुंपून पाठवणं दर वेळी जमत नसे. माजलगावच्या बाजाराला जाणारा ओळखीचा व्यापारी मिळाला तर त्याच्या गाडीत पोर बसवून द्यायची, माजलगावला थोरल्यांचा माणूस येऊन पुढं न्यायचा. ती गाडी कधी मिळेल ह्याचा नेम नाही. दुपारी निरोप आला तर तासाभरात निघावं लागायचं. म्हणून फाल्गुन लागला की मी तिचे कपडे धुऊन, फाटकं शिवून, तिच्या आईचा पितळी तांब्या मधे घालून गाठोडं बांधून टाकायची आणि ओसरीवरच्या खुंटीला लावायची. शिमग्याचा रंगही लागायचा नाही. रोजचे दोन परकर वर ठेवायचे, बाकी सगळं खुंटीवर. महिनाभर ते गाठोडं तिथं असायचं. जेवायला बसली की तिच्या बरोबर समोर. मला माझ्या ह्या टापटिपीचं कौतुक होतं. शेजारणींना मी सांगायची, ऐन वेळची धावपळ आपल्याला आवडत नाही.

त्यानंतरच्या भाद्रपदात लिंबागणेशच्या जावेच्या मुलाचं बारसं होतं. तिथं आम्ही तिघी जावा फार दिवसांनी एकत्र आलो. पोर तेव्हा तिथंच होती आणि तब्येतीनं अगदी चांगली होती. गणपतीच्या देवळाकडे पळत जाऊन पळत येत होती. आम्ही दोघी पुरण वाटत होतो, धाकटी बाळाला घेऊन शेजारी बसली होती.

थोरल्या जाऊबाईंना, त्यांना आम्ही आक्का म्हणतो, बऱ्याच दिवसांचं बोलायचं होतं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, काही लोक पोर पाठवतात तेव्हा तिच्या छातीत पिपाणी वाजत असते. आम्ही तिला चैत्रभर बरी करत बसायचं. मी म्हणाले, आक्का, मला बोलताय का? त्या म्हणाल्या, पाट्याला बोलते. मी म्हणाले, माझ्याकडे तरी ती कुठं बरी येते, लिंबागणेशहून खोकतच येते. झालं, धाकटी उसळली. बाळंतीण बाई, पण आवाज खणखणीत.

"माज्याकडं आली तवा तरी बरी व्हती का? आक्कांकडनं आषाढात चिखलातनं आली ती दम खात. छातीवर बिब्ब्याचा डाग. मी म्हन्लं, पोर पाठवलीय का भाजून पाठवलीय?"

आक्का म्हणाल्या, डाग मी हौसेनं दिला नाही, आषाढात पोरीचा जीव जायची वेळ आली होती, पावसाच्या हवेनं आणि दह्यानं. म्हणून दही-ताक बंद केलं. धाकटी म्हणाली, दही नव्हे, सीताफळ. कार्तिकात आमच्या डोंगरात सीताफळं पिकतात, ती खाल्ली की हिला दम लागतो. तिनं सीताफळ बंद केलं होतं, पेरू बंद केला होता. मी शेंगदाणे आणि बोरं बंद केली होती.

"म्हंजी पोरीनं खावं तरी काय?" आक्का म्हणाल्या. "तिघींनी मिळून नुसतं भाकर-वरण ठेवलंय की तिला."

आम्ही हसलो. हसता हसता माझा हात पाट्यावर थांबला. आषाढ, कार्तिक, फाल्गुन. मी बोटं मोजली. मी आक्कांना विचारलं, चैत्र-वैशाखात लागतो का दम? नाही, आल्यावर पंधरा दिवसांत बसतो. ज्येष्ठात? नाही. धाकटीला विचारलं, भाद्रपदात? ती म्हणाली, बघा की, पळतीय समोर. तिन्ही घरी शेवटचा महिना. दही खाऊन, सीताफळ खाऊन, काहीच न खाऊन, शेवटचा महिना.

मग धाकटी म्हणाली, जायचं असतं म्हणून रुसत असेल. आक्का म्हणाल्या, रुसलं की शीळ वाजत नाही छातीत. आणि चुलीवरचं पुरण लागायला लागलं म्हणून आम्ही उठलो. मला मात्र ओसरीवरची खुंटी दिसत राहिली. दोन वर्षं मी मिरचीची पोती हलवत होते.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. हे सरळ माणूस. म्हणाले, तू म्हणतेस ते खरं असेल, पण दादाला कोण सांगणार? तरी माझ्या आग्रहाखातर त्यांनी दिंद्रुडला पत्र टाकलं की यंदापासून पोर इथंच ठेवावी असं मनात आहे. उत्तर आलं नाही. मार्गशीर्ष गेला, पौष गेला, माघ गेला. उत्तर नाही म्हणजे हरकत नाही, असं मी धरून चालले. माझी चूक कुठली, तर ही. थोरले दीर पत्राला उत्तर देणाऱ्यांतले नव्हते, ते स्वतः यायचे, हे मला वीस वर्षांच्या संसारात माहीत व्हायला हवं होतं.

फाल्गुन लागला त्या दिवशी मी तिचे कपडे माझ्या पेटीत, माझ्या लुगड्यांशेजारी ठेवले. गाठोड्याचं फडकं फाडून दुकानात पुसायला दिलं. ती उंबऱ्यावर उभी राहून बघत होती. मी म्हणाले, "यंदा जायचं न्हाई. इथंच ऱ्हायचं."

"पाडव्याला?"

"पाडव्याला न्हाई, श्रावणात न्हाई. इथंच."

तिनं पेटीकडे बघत विचारलं की तांब्याही पेटीत ठेवायचा का. मी म्हणाले, तांब्या वापरायला काढ, पाणी प्यायला.

त्या महिन्यात तिला एकदाही दम लागला नाही. शिमग्याला गल्लीत केवढी होळी पेटली, शेणाच्या गोवऱ्यांचा धूर घरात भरला. आम्ही सगळे खोकलो, ती नाही. सकाळी हाक मारली की चटकन डोळे उघडायची. दोडक्याची भाजी खाणार नाही म्हणून तिनं ताट सरकवलं. तीन वर्षांत तिनं पहिल्यांदा काही नको म्हटलं होतं. मी वरवर दटावलं आणि दुसऱ्या दिवशी वांगं केलं. एकदा वेणी घट्ट घातली म्हणून माझ्याशी भांडली. मी हकिमांना जाऊन सांगितलं, पोर बरी आहे. ते म्हणाले, शुक्र है.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी थोरले दीर स्वतः गाडी घेऊन आले. बरोबर तिच्यासाठी साखरेची गाठी आणली होती, गळ्यात घालायला, चांगली टपोरी. ते वाईट माणूस नव्हते. असते तर मला सोपं गेलं असतं.

आमच्याकडे सुनेनं थोरल्या दिरांच्या समोर येऊन बोलायचं नाही. बोलायचं असेल तर दाराआड उभं राहून नवऱ्याला सांगायचं. दीर पाच हातांवर बसलेले असतात, त्यांना शब्द न् शब्द ऐकू येतो, पण उत्तर देतात ते भावाला. मी आत, हे मधे, ते पलीकडे.

मी ह्यांना म्हणाले, "म्हणावं, पोर इथं बरी हाय. आख्खा फाल्गुन गेला, एकदा दम लागला न्हाई. हकीमही म्हणतात, एका जागी ठेवा."

थोरले दीर ह्यांना म्हणाले, "हकिमाला काय कळतंय? दिंद्रुडचं पाणी खारं हाय का?"

"पाण्याचं न्हाई म्हणावं. जायची वेळ आली की तिचा दम कोंडतो. तिन्ही घरी तसंच हुतंय. आक्कांनाही ठावं हाय."

"दमा काय पंचांग बघून येतोय?"

ते हसले. सवयीनं हेही हसले. मग थोरल्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाले, तिला विचार, माझ्या घरी पोरीला काय कमी आहे? मी काय सांगणार? कमी काहीच नव्हतं. आक्का तिला न्हाऊ घालत, तूप वाढत, स्वतःच्या मुलीसारखं वागवत. मी म्हणाले, काही कमी नाही म्हणावं.

"मग ऐक. एका जागी ठेवायची म्हणती तर ठेवू. अय्यांच्या पाया पडतो, बोललेलं सोडवून घेतो. धाकट्याला समजावतो. पण एका घरी ठेवायची तर थोरल्याच्या घरी. मधल्यानं ठेवली आन् थोरल्यानं न्हाई, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. पोर कायमची दिंद्रुडला. हाय का कबूल, इचार तिला."

ह्यांनी दाराकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या बैठकीत मला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं.

मला 'कबूल' म्हणायचं होतं, एवढंच. पोरीला एक घर मिळत होतं. माझं नव्हे, पण एक. मला जे हवं म्हणून मी सहा महिने ह्यांच्या मागं लागले होते, तेच समोर ठेवलं होतं. आणि माझं तोंड उघडेना. मनात एकामागून एक कारणं येत गेली: तिथं बिब्बा घालतील, तिथं आषाढात हवा वाईट, मी तिला इथंच राहायचं म्हणून शब्द दिलाय. सगळी खरी होती. पण त्या सगळ्यांखाली दुसरंच होतं. माझ्या लुगड्यांशेजारी तिचे कपडे होते आणि ते मला तिथंच हवे होते.

मी चौकट धरून उभी राहिले. बाहेर बैलांनी मान हलवली की घागऱ्या वाजत होत्या.

थोरले दीर म्हणाले, "बघ. मग चालू हाय तेच बरं."

हे म्हणाले, होय दादा. आणि मीही दाराआडून काही म्हणाले नाही, म्हणजे तेही माझं कबूलच झालं.

मी मागं वळले तर ती मागच्या खोलीत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पेटीतून आपले कपडे काढून त्यांच्या घड्या घातल्या होत्या. फडकं मी फाडून टाकलेलं, म्हणून दुकानातून एक रिकामं पोतं आणून त्यात भरत होती. सर्वांत शेवटी चुलीपाशी जाऊन तांब्या आणला, आतलं पाणी तुळशीत ओतलं, पदर नव्हता म्हणून परकरानं पुसला आणि आत ठेवला. मी छातीकडे बघत होते. शीळ नव्हती. श्वास सरळ चालला होता. त्या क्षणी मला वाटलंसुद्धा की माझंच काही चुकलं असेल, दमा खरंच पंचांग बघत नसेल.

ती बाहेर गेली आणि थोरल्यांना म्हणाली, "चला अण्णा. ऊन व्हईल."

माझ्या पाया पडली. मी म्हणाले, नीट राहा.

दम माजलगावच्या अलीकडे लागला. गाडी सोडून थोरल्यांना दोन दिवस एका ओळखीच्या घरी मुक्काम करावा लागला. आक्कांनी कळवलं, की यंदा चैत्रातही बसला नाही. वैशाखातही नाही. लिंबागणेशला श्रावणात, भाद्रपदातही लागला, सीताफळाला बोट न लावता. आता तो शेवटच्या महिन्याची वाट बघत नव्हता. पूर्वी तिला चारातले तीन महिने तरी मोकळे मिळत. ते मी घालवले, असं मी म्हणते. हे म्हणतात, तसं काही नसतं, आजार वाढायचा होता तो वाढला. हकिमांना मी विचारलं नाही.

मार्गशीर्षात ती आली तेव्हा नऊ वर्षं पुरी झाली होती. गाडीतून उतरताना मधे थांबून तिनं चाकाला हात टेकला, श्वास घेतला, मग पायरी चढली. मी गाठोडं तिच्या काखेतून घेतलं आणि सोडायला बसले. म्हटलं, कपडे पेटीत ठेवू, निदान चार महिने. तिनं गाठीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या काकू. परत बांधावंच लागतंय."

आणि ओसरीवर जाऊन, टाचा उंचावून, तिनं ते स्वतःच खुंटीला लावलं. मग दाराआडची केरसुणी घेतली.

त्यानंतर तीन वर्षं ती अशीच तिन्ही घरी फिरत राहिली. मी पुन्हा विषय काढला नाही. काढला असता तर दिंद्रुडलाही 'कबूल' म्हणाले असते आता, पण थोरल्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि दाराआडून मला ते सुरू करता आलं नाही. मी काढे केले, जोशांदा आणला, बीडच्या सरकारी दवाखान्यातही नेऊन आणलं. तिथल्या डॉक्टरांनी वय वाढलं की जाईल म्हणून सांगितलं. बाराव्या वर्षी घाटाखालच्या एका गावी तिचं लग्न झालं. घर खातंपितं, नवरा शांत. तिघा भावांनी लग्न मिळून केलं आणि लोकांनी पुन्हा कौतुक केलं. मला वाटलं, आता तरी एक घर झालं.

तिच्या लग्नाला दोन-अडीच वर्षं झाल्यावर मी एकदा तिच्याकडे गेले. दुपारी पोचले. तिच्या सासूबाई चांगल्या बोलक्या. त्यांनी गूळ-पाणी दिलं आणि सुनेची तारीफ केली, की कामाला वाघ आहे, उलटून बोलत नाही. मग पुढं सरकून म्हणाल्या, "एकच खोड हाय, इहीनबाई. लग्नातली पेटी दिली तुमी, चांगली कुलपाची. पर कापडं पेटीत ठेवत न्हाई. गाठोडं बांधून खुंटीला लावती. कावून वं? आमी काय घालवून देणार हाय का तिला?"

मी म्हणाले, "लहानपणची सवय हाय."

आत ती उखळात काही कांडत होती. मधेच मुसळ थांबलं आणि ती ओळखीची शीळ ओसरीपर्यंत ऐकू आली. सासूबाईंनी तिकडे कान दिला आणि म्हणाल्या, मिरचीनं होतं तिला तसं, ठसका सोसत नाही.

मी गूळ तोंडात टाकला. म्हणाले, उखळ परसाच्या टोकाला नेऊन ठेवा आणि तोंडाला फडकं बांधून कांड म्हणावं.